व्हायरल लोड 'निल' आला तरी एचआयव्ही जातो कुठे? आणि आपल्याच पेशी त्याला सांभाळून का ठेवतात?

रानजाई | मंगळवार, रात्री १०:४०
नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गावी एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते केंद्र) समुपदेशक आहे, बारा वर्षं झाली. आज एक गृहस्थ आले होते, ऊसतोडीला ट्रॅक्टर घेऊन जातात, वय पन्नाशीच्या आसपास (ओळखू येईल असं सगळं बदललंय). उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक टेबलावर ठेवलं, त्याच्यावर व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती ते मोजतात त्याचा) कागद ठेवला आणि 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "म्याडम, कागद म्हणतोय व्हायरस न्हाई. सलग तिसऱ्या वर्षी म्हणतोय. मग गोळी कशापायी?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, की रक्तात दिसत नाही पण शरीरात लपलेला आहे, गोळी थांबवली की परत येतो. ते ऐकून ते म्हणाले, "लपलाय कुठं ते दावा की." आणि मला दाखवता येईना. शरीर सीडी८ का काय त्या पेशींनी त्याला मारतं असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, मग त्या इतक्या वर्षांत लपलेल्याला का मारत नाहीत? त्या मारतात की नुसत्या दाबून ठेवतात? इथे डॉक्टर, संशोधक बरेच आहेत, मला माझ्या माणसांना सांगता येईल अशा भाषेत कोणी समजावेल का?

नुसता_वाचक | रात्री १०:५२
चांगला प्रश्न. जागा धरून बसतो.

गोदाकाठ | रात्री ११:१५
ताई, मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. मुळापासून सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. एचआयव्हीची जनुकं आरएनएची असतात. तो सीडी४ पेशीत (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, सीडी८ हा दुसरा) शिरतो, आपल्या आरएनएचं डीएनए करतो आणि तो डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये शिवून टाकतो. उसवता न येणारी शिवण. आता सीडी४ पेशींपैकी काहींचं काम असतं आठवण ठेवायचं, म्हणजे लहानपणी झालेला गोवर किंवा टोचलेली लस वर्षानुवर्षं लक्षात ठेवणाऱ्या पेशी. त्या बहुतेक वेळ निवांत पडून असतात. अशा निवांत पेशीत विषाणूचा डीएनए असला तर तोही निवांत. एकही प्रथिन बनत नाही. प्रथिन नाही तर पेशीच्या बाहेरच्या अंगावर कसलीही खूण नाही, आणि खूण नाही तर सीडी८ला कळणार कसं? तिच्या दृष्टीने ती निरोगी पेशी. गोळ्यांचंही तेच, त्या विषाणूचं कामकाज अडवतात, झोपलेल्याचं काय अडवणार?

गोवर विसरू नये म्हणून शरीराने जी व्यवस्था केली तीच याला राहायला मिळाली. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मागचे बाकसुद्धा गप्प व्हायचे.

पेशीवेडा | बुधवार, पहाटे ३:३० (माझी संध्याकाळ)
गोदाकाठ काकांनी सुंदर मांडलंय. मी रोगप्रतिकारशास्त्रात काम करतो, परदेशात, एचआयव्ही हा माझा थेट विषय नाही पण शेजारच्या बाकावरचा आहे. थोडे आकडे देतो. व्यवस्थित गोळ्या घेणाऱ्या माणसात अशा निवांत सीडी४ पेशींपैकी साधारण दहा लाखांत एका पेशीत जिवंत, परत उठू शकेल असा विषाणू सापडतो. हा साठा गोळ्या घेऊनही संपत नाही हे १९९७ मध्ये तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी दाखवलं. आणि तो निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात.

ताईंचा प्रश्न, मारतात की दाबतात. दोन्ही, पण 'दाबतात' हे लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त. १९८६ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोच्या जे लेव्ही यांच्या प्रयोगशाळेत दिसलं होतं की लागण झालेल्या माणसाच्या रक्तातून सीडी८ पेशी काढून टाकल्या की उरलेल्या पेशींत विषाणू भराभर वाढतो, परत घातल्या की थांबतो, आणि तेही सीडी४ पेशी न मारता. नंतर १९९९ मध्ये माकडांत (त्यांच्यातला भाऊबंद विषाणू, एसआयव्ही) औषध देऊन सीडी८ पेशी घालवल्या तर विषाणू उसळला आणि पेशी परत आल्या तसा खाली आला. मला सगळ्यात भारी वाटतो तो २०१६ चा प्रयोग: माकडं गोळ्यांवर होती, विषाणू मोजमापाच्या खाली होता, तरी सीडी८ काढल्यावर तो रक्तात दिसायला लागला. म्हणजे गोळ्या चालू असतानासुद्धा या पेशी त्याच्यावर हात ठेवून बसलेल्या असतात.

काळीमाती | सकाळी ७:१०
४४ महिन्याचा हिशोब कोणी करेल का, मला सकाळी सकाळी जमंना

गोदाकाठ | सकाळी ७:४८
करतो. समजा अंगात साठ्यातल्या अशा दहा लाख पेशी आहेत. दहा लाखाचे निम्मे पाच, मग अडीच, असं एकावर यायला साधारण २० वेळा निम्मं करावं लागतं. २० गुणिले ४४ म्हणजे ८८० महिने. भागिले १२. त्र्याहत्तर वर्षं आणि वर काही महिने.

काळीमाती | सकाळी ७:५५
बाप रे. म्हणजे जन्मभर.

विदर्भवीर | सकाळी ९:२०
माहिती छान आहे पण एक विचारतो, राग मानू नका. आपल्याकडे अजून गावात एचआयव्ही झालेल्या बाईचं ताट वेगळं ठेवतात. तिथे सीडी८ आणि माकडं याचा काय उपयोग? गोळी घ्या, वेळ चुकवू नका, एवढं सांगितलं की झालं. जास्त विज्ञान सांगितलं की लोक गोंधळतात.

रानजाई | सकाळी ९:४१
विदर्भवीर दादा, राग नाही. पण "गोळी घ्या, प्रश्न विचारू नका" हे मी पहिली पाच वर्षं करून बघितलंय. जी माणसं प्रश्न विचारत नाहीत ना, ती एक दिवस यायची बंद होतात. विचारणारा माणूस परत येतो. म्हणून मला उत्तर हवंय.

नवी_पालवी | सकाळी ११:०५
मी इथे बऱ्याच धाग्यांवर लिहिते, पाककृतींच्या जास्त, पण या विषयावर पहिल्यांदाच लिहितेय. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. २००६ ला कळलं. सरकारी मोफत गोळ्या २००४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाल्या होत्या पण तेव्हा रक्तातल्या सीडी४ पेशींचा आकडा दोनशेच्या खाली गेल्याशिवाय द्यायचे नाहीत. माझा २४० होता. म्हणजे तुम्ही आजारी आहात पण पुरेशा आजारी नाही, घरी जा आणि खाली यायची वाट बघा. दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं आणि आकडा कमी येऊ दे की जास्त येऊ दे, नक्की कशासाठी देवाला हात जोडायचे तेच कळायचं नाही. मग १६२ आला आणि गोळ्या मिळाल्या. तेव्हाच्या गोळ्यांनी माझे गाल बसले, बायका विचारायच्या डाएट करतेस का.

विदर्भवीर, तुमच्या ताटाच्या मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत आहे, माझंही ताट वेगळं होतं, स्टीलचं, काठाला पोचा आलेलं. पण मला विज्ञानच उपयोगी पडलं. माझ्या दिराला मी स्वतः समजावून सांगितलं की विषाणू कुठल्या पेशीत असतो आणि थुंकीत-ताटात का नाही पसरत. तो बारावी सायन्स होता, त्याला पटलं, आणि त्याने घरी सांगितलं. ते ताट आता कुंडीखाली आहे.

सुगरण | सकाळी ११:२०
पालवी, तुला मिठी. तुझ्या हातच्या पुरणपोळीच्या रेसिपीने माझी दिवाळी-होळी निघते हे परत एकदा सांगते.

विदर्भवीर | सकाळी ११:३२
ताई, माझं म्हणणं मागे घेतो. मनापासून.

मिरजकर | दुपारी १:१५
एक शंका. काही लोकांना म्हणे गोळ्या न घेता पण काही होत नाही. माझ्या ओळखीत एकाने हेच ऐकून गोळ्या सोडल्या. कुणा बाबाचा काढा चालू केला. बाबा म्हणाला शरीरातली 'शक्ती' जागी केली की विषाणू आपोआप जातो. त्याचं काय झालं ते पुढे लिहितो, आधी मला हे सांगा की असे लोक खरंच असतात का?

पेशीवेडा | दुपारी २:५०
खरंच असतात, आणि बाबा लोक नेमकं यावरच दुकान मांडतात म्हणून नीट सांगतो.

यांना एलिट कंट्रोलर म्हणतात. शंभरात एकापेक्षाही कमी. यांच्यात बऱ्याच जणांकडे पेशीच्या अंगावरची 'खूण दाखवणारी' जनुकं विशिष्ट प्रकारची असतात, एचएलए-बी५७ किंवा बी२७ अशी नावं आहेत. आपली प्रत्येक पेशी आत काय बनतंय त्याचे तुकडे बाहेर दाखवत असते, जसं भाजीवाला कलिंगडाची फोड कापून वर ठेवतो, आत लाल आहे का बघा. सीडी८ पेशी हे तुकडे तपासत फिरतात. बी५७ विषाणूच्या कवचाचे असे तुकडे दाखवतं जे विषाणूला बदलता येत नाहीत, बदलले तर तो स्वतःच लंगडा होतो. बाकी जनुकं जे तुकडे दाखवतात ते विषाणू सहज बदलून टाकतो आणि सीडी८ला ओळखू येत नाही. म्हणजे ही 'शक्ती जागी करणं' नाही, जन्माला येतानाचा वाटा आहे. काढ्याने बी५७ येत नाही. आणि गंमत बघा, याच बी५७ चा एक प्रकार असलेल्यांना अबॅकॅव्हिर या एचआयव्हीच्याच औषधाची जबरदस्त अॅलर्जी येते, म्हणून ते द्यायच्या आधी जनुक तपासतात.

२०२० मध्ये अशा ६४ जणांच्या पेशी तपासल्या तेव्हा दिसलं की त्यांच्यात विषाणूचा डीएनए बऱ्याचदा जनुकांच्या वाळवंटात अडकलेला आहे, डीएनएच्या अशा ओसाड भागात जिथे काही वाचलंच जात नाही. बाकीच्या ठिकाणी बसलेले सीडी८ने वर्षानुवर्षं वेचून मारले आणि ओसाडीतले तेवढे उरले असावेत असं मानतात. कॅलिफोर्नियाच्या लोरीन विलेनबर्ग यांना १९९२ मध्ये लागण कळली, गोळ्या कधी घेतल्या नाहीत, आणि त्यांच्या दीडशे कोटी पेशी तपासूनही एकही धड विषाणू सापडला नाही.

मिरजकर | दुपारी ३:३०
धन्यवाद. आता माझ्या ओळखीतल्याचं. काढा सुरू केल्यावर चार महिने तो खुश होता, वजन वाढलं, सगळ्यांना सांगत फिरायचा. आठव्या महिन्यात टीबी. छातीत नाही, डोक्यात. आम्ही त्याला उचलून गाडीत घातला तेव्हा तो स्वतःच्या मुलीला ओळखत नव्हता. वाचला, पण डावा हात अजून नीट उचलत नाही. आता गोळ्या घेतो, मुलगी रात्री साडेनऊला स्वतः पाणी घेऊन उभी राहते. बाबा अजून तिथेच आहे.

आजोळ | दुपारी ३:४४
वाचून पोटात गोळा आला.

गोदाकाठ | दुपारी ४:१०
मिरजकर, यावर मोठा अभ्यास आहे. गोळ्या मध्ये मध्ये थांबवल्या तर चालेल का, दुष्परिणाम वाचतील का, हे बघायला जगभरात ५,४७२ लोकांवर चाचणी घेतली, नाव होतं स्मार्ट. थांबवणाऱ्या गटात आजार आणि मृत्यू इतके जास्त व्हायला लागले की २००६ मध्ये ती मुदतीआधी बंद करावी लागली. त्यातही लक्षात घेण्यासारखं म्हणजे हृदयाचे, मूत्रपिंडाचे, यकृताचे त्रासही वाढले. कारण विषाणू उसळला की सगळी प्रतिकारशक्ती कायम पेटलेली राहते आणि त्याची धग बाकी अवयवांना लागते.

काळीमाती | दुपारी ४:५०
पण गुरुजी, गोळी थांबवल्यावर त्या सीडी८ का नाय धरत त्याला? एकदा धरलेला चोर वळखू येत नाय का?

पेशीवेडा | संध्याकाळी ६:०५
हाच खरा प्रश्न आहे, आणि उत्तरात तीन-चार गोष्टी एकात एक अडकल्यात.

गोळ्या सुरू व्हायच्या आधी विषाणू आणि सीडी८ यांची महिनोन्महिने झटापट झालेली असते. त्यात विषाणूने आपले तुकडे बदललेले असतात. उशिरा उपचार सुरू झालेल्या माणसाच्या साठ्यात बहुतेक हे बदललेलेच, सीडी८ला चकवून गेलेले, साठलेले असतात. तोच चोर, पण चेहरा बदलून. दुसरं, सीडी८ थकतात. सतत समोर विषाणू असला की त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचं बटण येतं, ब्रेकसारखं, आणि त्या असतात पण काम करत नाहीत. तिसरं, विषाणूकडे नेफ नावाचं प्रथिन आहे, ते पेशीच्या अंगावरची ती कलिंगडाची फोडच आत ओढून घेतं.

आणि चौथं म्हणजे जागा. अवधाण येतं ना जांघेत, तशा ज्या गाठी शरीरात सगळीकडे आहेत, त्यांच्या आत गोल गोल घरं असतात जिथे 'बी' नावाच्या पेशी प्रतिपिंडं (विषाणूला चिकटून अडवणारी प्रथिनं) बनवायला शिकतात. त्यांना शिकवणाऱ्या सीडी४ तिथेच बसतात, आणि त्यांच्यात विषाणू भरपूर. पण सीडी८ना त्या घरात शिरायचा परवानाच साधारणपणे नसतो. माकडांत पाहिलंय, ज्यांनी विषाणू उत्तम दाबलाय त्यांच्यातही तो नेमका याच घरांत उरतो. रक्तात फारसा सापडत नाही कारण तो मुख्यतः तिथे नाहीचे. ताई, तुमच्या त्या ट्रॅक्टरवाल्या काकांनी विचारलं ना कुठे लपलाय ते दाखवा, तर त्यांच्या काखेतल्या, जांघेतल्या, आतड्याला लागून असलेल्या गाठींवर हात ठेवा. शिवाय मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी आहेत, त्या वेगळ्याच चिवट.

म्हणून बहुतेकांत गोळ्या थांबवल्यापासून दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात परत येतो.

काळीमाती | संध्याकाळी ६:३०
अहो हे तर लव्हाळं झालं. वरनं खुरपा, रान स्वच्छ दिसतं, येणारा जाणारा म्हणतो काय रान ठेवलंय. पण गाठ खाली असते. एक पाणी बसलं की आठ दिवसात हिरवं. आणि खुरप्याने गाठीला धक्का लागत नाय कारण गाठ खुरप्याच्या खाली असते.

रानजाई | संध्याकाळी ६:३८
काळीमाती दादा!!! हेच. हेच पाहिजे होतं मला. बारा वर्षं मी 'सुप्तावस्था' म्हणतेय.

नवी_पालवी | संध्याकाळी ७:००
मलाही आवडलं. नाहीतर सगळीकडे सैनिक, शत्रू, युद्ध. माझ्या अंगात युद्ध चाललंय असं वीस वर्षं ऐकून झोप कशी लागणार. तण आहे म्हटलं की बरं वाटतं, तण काढायची सवय आहे आपल्याला.

पेशीवेडा | संध्याकाळी ७:२५
उपमा तपासून बघू कारण चुकीची उपमा पुढे त्रास देते. लव्हाळ्याच्या गाठीला गाठ फुटत जाते ना? साठ्यातही तसंच. ती सीडी४ पेशी स्वतःच दुप्पट-चौपट होते (आठवण ठेवणाऱ्या पेशी तशाही होत असतात) आणि प्रत्येक पिल्लात विषाणूचा डीएनए आयता जातो. गोळी इथे काहीच करू शकत नाही कारण विषाणू वाढलाच नाही, पेशी वाढली. म्हणून साठा आटत आटत नाही. उपमा इथे फिट्ट आहे. फक्त एक फरक, या गाठींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त किडक्या असतात, त्यातून कोंब येत नाही. काही किडवण्याचं काम तर आपल्याच पेशीतलं अॅपोबेक-३जी हे प्रथिन करतं, विषाणू आरएनएचं डीएनए लिहीत असताना मध्येच अक्षरं बिघडवून टाकतं. विषाणूने त्यावर विफ नावाचं प्रथिन काढलंय, ते अॅपोबेकला धरून पेशीच्या कचरापेटीत पाठवतं. ही जोडी २००२ मध्ये उलगडली.

नुसता_वाचक | संध्याकाळी ७:३१
पहिल्यांदा एखाद्या धाग्यावर तण आणि जनुकं एकाच प्रतिसादात बघतोय. चालू ठेवा, जेवण गार झालं तरी चालेल.

आजोळ | रात्री ८:१५
मग ते बर्लिनचे पेशंट वगैरे बरे झाले म्हणतात ते? त्यांची गाठ कशी निघाली?

गोदाकाठ | रात्री ८:५०
टिमोथी रे ब्राउन. त्यांना रक्ताचा कर्करोग होता, म्हणून २००७ आणि २००८ मध्ये दोनदा मूळपेशी रोपण झालं. दाता असा शोधला की ज्याच्या पेशींवर सीसीआर५ हे दार जन्मतःच नाही, एचआयव्हीला बहुतेक वेळा आत शिरायला हे दार लागतं. म्हणजे शेतातली सगळी मातीच काढून नवीन भरली. ते २०२० मध्ये कर्करोग उलटल्याने गेले, पण एचआयव्ही परत आला नव्हता. हा उपाय सरसकट करता येत नाही, रोपणातच माणूस दगावू शकतो, त्यांचीही दुसऱ्या वेळी अवस्था फार वाईट झाली होती. २०२३ मध्ये जिनिव्हाच्या एका रुग्णाची माहिती आली, त्याच्या दात्याकडे तर ते दार होतं, तरी गोळ्या थांबवल्यावर विषाणू आला नाही. दात्याच्या नव्या पेशींनी जुन्या पेशी शोधून मारल्या, त्यात साठाही गेला असा तर्क आहे.

उलट उदाहरण मिसिसिपीच्या बाळाचं. जन्मल्यावर तीस तासांत औषधं सुरू, दीड वर्षाचं झाल्यावर थांबली, २७ महिने विषाणूचा पत्ता नाही, सगळ्या जगाने बरं झालं म्हटलं. आणि २०१४ मध्ये परत आला. एखादी गाठ राहिली होती.

विदर्भवीर | रात्री ९:१०
आपल्याकडे यावर काही काम होतं का? की सगळं अमेरिका-युरोप?

पेशीवेडा | रात्री ९:४०
होतं हो. पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, नारी म्हणून सगळे ओळखतात, आता नाव बदललंय. आपल्याकडे मुख्यतः एचआयव्हीचा सी उपप्रकार आहे, जगातल्या जवळजवळ निम्म्या लागणी त्याच्याच, पण साठ्यावरचा जास्त अभ्यास झाला तो पाश्चात्त्य देशांतल्या बी उपप्रकारावर. म्हणून इथे काम होणं गरजेचं आहे. आणि एक अभिमानाची गोष्ट, एचपीटीएन ०५२ नावाची चाचणी झाली, १,७६३ जोडप्यांत, एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही अशी. त्यात पुणे आणि चेन्नईची जोडपी होती. २०११ मध्ये निकाल आला की लवकर गोळ्या सुरू केल्या तर जोडीदाराला लागण होणं ९६ टक्क्यांनी कमी होतं. आज कोणी "विषाणू दिसत नाही तर पसरत नाही" असं सांगतो त्यामागे आपल्या पुण्यातली नवरा-बायकोही आहेत, महिनोन्महिने दवाखान्यात येऊन रक्त देणारी.

नवी_पालवी | रात्री ९:५५
हे मला माहीत नव्हतं. त्या सगळ्यांना नमस्कार. माझं दुसरं लग्न त्यांच्यामुळे झालं म्हणायचं.

रानजाई | पुढच्या महिन्यातला सोमवार, संध्याकाळी ६:२०
धागा वर काढतेय. ते ट्रॅक्टरवाले काका आज गोळ्यांची बाटली न्यायला आले. मी त्यांना बसवलं, म्हटलं तुम्ही विचारलं होतं लपलाय कुठे, सांगू का. काखेतल्या गाठीपासून सुरुवात केली आणि लव्हाळ्यावर आले. खुरपणारी बाई म्हणजे सीडी८, तिला गाठ दिसत नाही, कोंब आला तरच दिसतो, आणि पुष्कळ कोंब एकदम आले की ती दमते. गोळी म्हणजे पाणी तोडणं, कोंब आला तरी वाढू द्यायचा नाही. गाठ आहे तिथे आहे.

ते ऐकत होते, मध्येच मला थांबवलं. म्हणाले, "लव्हाळ्याचं मला सांगू नका म्याडम, माझ्या बापाचं अख्खं रान त्यानं खाल्लं. एक हंगाम सोडला होता." मग थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "गाठ मारायचं औषध निघंल का?" मी म्हटलं शोधतायत, झोपलेल्याला उठवायचं आणि मग बाईकडून खुरपून घ्यायचं असं एक चाललंय, उठवणं थोडंफार जमतंय, खुरपणं अजून नाही. काहीजण उलट म्हणतात, कायमचं झोपवूनच टाकू.

त्यांनी बाटली पिशवीत टाकली, पुस्तकावर पुढची तारीख लिहून घेतली आणि दारातून परत फिरले. "त्या खुरपणाऱ्या बायास्नी काय खायला घालायचं?" मी काय सांगू?

काळीमाती | संध्याकाळी ६:४५
😀 शेंगदाणे, गूळ, भाकरी. आमच्याकडं बायास्नी तेच दुपारच्याला.

पेशीवेडा | रात्री ११:३०
खरं उत्तरही फार वेगळं नाही. पोटभर जेवण, झोप, तंबाखू बंद, टीबीची तपासणी आणि टीबी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या पूर्ण. आणि त्यांना सांगा की रोजची गोळी हाच त्या बायांचा सगळ्यात मोठा आराम आहे, समोर कोंब नसले की त्यांचं ते पीडी-१चं बटण बऱ्यापैकी खाली येतं.

रानजाई | मंगळवार, सकाळी ८:०५
सांगते. पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे, पण बहुतेक ते आधीच येतील, म्हणाले बायकोलाही आणतो, तिला पण ऐकायचंय.